थोडी शांती

"शेवंतीमावशी, आज तुम्ही साक्ष द्या, प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं ते सांगा," असं म्हणत साईनाथ पास्टरांनी माईक पुढे केला.

बाळकुमच्या त्या नव्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या क्लासच्या हॉलमध्ये दर रविवारी प्रार्थनासभा भरायची. शेवंती पदर सावरत उठली. महिन्यापूर्वी तिचा मुलगा प्रणित होडीतून खाडीत पडला, तो परत आलाच नाही. लग्नाच्या वयाचा पोरगा. तेव्हापासून शेवंती कुणासमोर रडली नव्हती. कोळीवाडा म्हणे, बाईचं काळीज दगडाचं. हॉल म्हणे, बघा, काय ही शांती! तिला विचारायची तसदी मात्र दोघांनीही घेतली नव्हती.

"प्रभूनं मना शांती दिलीय," ती माईकमध्ये म्हणाली. "मनात काय दुख नाय. आनंद हाय."

"हालेलुया!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या मुलीनं, प्राप्तीनं, टाळी वाजवली नाही. जिना उतरताना तिनं आईचा दंड धरला.

"घरी बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसतेस ना? मग इथे कशाला खोटं बोलतेस?"

"मी रडली तं लोक बोलतील, हिचा देव खोटा."

एके काळी ती शांती खरी होती. नवरा, दामाजी, पिऊन घर डोक्यावर घ्यायचा, त्या वर्षांत शेवंती सभेला यायची आणि मासळी कापताना गुणगुणण्याइतकी हलकी होऊन जायची. त्या उपकारापोटीच ती आता दातांखाली ओठ दाबून बसली होती.

खाली गेटपाशी दामाजी स्कूटरवर बसला होता. दारू सुटली तरी त्यानं हॉलची पायरी कधी चढली नव्हती. प्रणित गेल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं. नारळी पौर्णिमेला सगळ्या कोळीवाड्यानं खाडीला नारळ वाहिला, आपल्याच घरचा शेवंतीनं वाहू दिला नाही, म्हणून खाडीनं पोरगा घेतला. आज मात्र तो तसं काही बोलला नाही. माईकचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "शांती हाय तुला?"

शेवंतीनं मान हलवली.

"मग मना दे ना थोडी."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिनं उलट उत्तर तरी दिलं असतं.

"झोप नाय लागत शेवंते. डोला लागला का पान्यातून वर आलेला त्याचा हात दिसतो."

शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मग ती रस्ता ओलांडून समोरच्या फुलवाल्याकडे गेली. नारळांच्या ढिगातून तिनं एक उचलला आणि जुन्या सवयीनं कानाशी धरून हलवला. आत पाणी डुचमळलं. आणि शेवंती रडली. भर रस्त्यात, कोळीवाड्यातल्या बायका रडतात तशी, गळा मोकळा सोडून, प्रणितचं नाव घेऊन.

सभेची माणसं हातात बायबल घेऊन पायऱ्यांवर थबकली. मघाशी टाळ्या वाजवणारे हात कुठे ठेवावेत ते कुणाला कळेना. दामाजीनं पुढे होऊन तिच्याकडून नारळ घेतला आणि छातीशी धरला.

"चल," तो म्हणाला. "भरती हाय तवर खाडीवर जाऊ."

साईनाथ पास्टर धावत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांचेही डोळे भरले होते.

"मावशी, अहो, आत्ताच तर साक्ष दिलीत," ते हळूच म्हणाले. "मग तुमची ती शांती?"

शेवंतीनं पदरानं तोंड पुसलं आणि दामाजीच्या मागे स्कूटरवर बसली.

"ती यांना दिली," ती म्हणाली.