मोहाखालचे ठिपके

धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी चैत्रात कॉलेजातल्या एक बाई लेझरचं यंत्र घेऊन आमच्या जंगलात आल्या. झाडांना पालवी कशी फुटत जाते, ते त्यांना दर आठवड्याला मोजायचं होतं. यंत्राची तिपाई मी वाहायचो.

वाऱ्यात मोजणी बिघडते, म्हणून काम सकाळी लवकर चाले. नेमकी तीच मोहफुलं वेचायची वेळ. मोहाला आधी फुलं येतात, पानं नंतर. आमच्या वाट्याच्या मोहाखाली माझी बायको जयवंता टोपली घेऊन बसलेली असे.

“आजी, जरा बाजूला व्हा ना.”

“काहून? तुह्या मशीनले माही लाज वाटते का?” ती जागची हलली नाही.

जंगलातलं काम संपल्यावर बाईंनी संगणकावर आमचा मोह दाखवला. सगळा ठिपक्यांचा; लेझर जिथं जिथं लागला, तिथं एक ठिपका. पहिल्या तीन आठवड्यांच्या चित्रांत फांद्या उघड्या होत्या आणि बुंध्याशी ठिपक्यांचंच एक वाकलेलं माणूस, शेजारी टोपली.

“बाबा, झाड सोडून बाकी सगळं पुसावं लागतं. नाहीतर पानांचा आकडा चुकतो,” त्या हळूच म्हणाल्या.

“पुसा. पण आधी मले कागदावर काढून द्या. पोरीच्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाई. चुलीपाशीच होती.”

त्यांनी तीन कागद काढले आणि पालवी फुटलेल्या चौथ्या चित्रापाशी थांबल्या. “यात आजी नाहीत.”

“तेही द्या. पालवी आली का, रोज इचारत होती.”

चौथ्या मोजणीच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, जयवंता तापानं वारली.