बारा गंगा

ऐका तर, मोनिकाचं पोट दुखायला कारणच तसं झाल्तं. तिच्या वर्गातल्या प्रियदर्शनीच्या मामानं अमेरिकेतून पोस्टाच्या तिकिटांचं अख्खं पान धाडलं. बारा तिकिटं, बारा नद्या, सगळ्या तिथल्या सरकारनं जशाच्या तशा राखलेल्या, ना धरण, ना घाण. आता शाळेच्या तिकिटांच्या प्रदर्शनात पहिला नंबर प्रियदर्शनीचाच, अन् तीन वर्षांपासून जुन्या पाकिटांवरची तिकिटं भिजवून सोडवणारी मोनिका दुसरी!

मंग तिनं काय करावं? "एक दिवस बघायला दे ना गं," म्हणून पान घरी आणलं अन् बराबर आजीपुढं ठेवलं. आजी, म्हणजे सखूबाई, एसटीतून पूल ओलांडतानाबी कनवटीची पुडी सोडून गंगेला हळदीकुंकू वाहणारी बाई.

"आजे, ह्या बारा नद्या हाईत."

"आगं बया! बारा गंगा घरी आल्या?"

आजीनं बोटं ओली करून बाराच्या बारा नद्यांना हळदीकुंकू लावलं, वरून हात जोडले. मोनिका मनातल्या मनात नाचून राह्यली. झालं पानाचं वाटोळं!

दुसऱ्या दिवशी तिनं तोंड पाडून पान परत दिलं. "आजीनं केलं गं, मला माहीतच न्हाई." प्रियदर्शनीनं एकेका नदीवरचं हळदीकुंकू निरखून बघितलं. मंग तिचे डोळेच चमकले.

"आता कुठं ह्या नद्या वाटून राह्यल्या! मोने, दोन दिवस तुझी आजी दे ना गं आमच्या घरी!"

मोनिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलीला आता आजीबी पाहिजे!