सुईचं बोट

"बाबा, हलू नका ना जरा."

"मी कुठं हलतोय गं?" बाबा म्हणाले. एवढं बोलूनही त्यांना धाप लागली, म्हणून मुलीला पुन्हा थांबावं लागलं.

पलंगाला लागून स्टूल होतं. स्टुलावर घडी केलेला टॉवेल, टॉवेलवर बाबांचा डावा हात, आणि त्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर अगदी जवळून रोखलेलं तिच्या कॅमेऱ्याचं भिंग. पलीकडे आई त्यांचा दुसरा हात धरून बसली होती. सकाळपासून हे असंच चाललं होतं.

बाबा शिंपी. जन्मभर सुई उजव्या हातात, आणि कापडाखाली हे डावं बोट. सुई आरपार आली की आधी ह्यालाच लागायची. टोचून टोचून बोटाच्या टोकाची चाळण झाली होती. दोन्ही मुलांची शिक्षणं, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्या टोकावर उभं राहिलं. परवा डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. तेव्हाच तिने ठरवलं, बाबा जाण्याआधी ह्या बोटाचा एक फोटो काढायचाच. एकच, पण असा की त्यातला टोचा न् टोचा दिसला पाहिजे.

खरं तर हे काम म्हणजे तिच्या हातचा मळ. ती संग्रहालयात किड्यांचे फोटो काढायची. टाचणीला लावलेले भुंगे, चतुराचे पंख, मुंगीचा जबडा. मुंगीच्या पायावरची लव तिने भिंतीएवढी मोठी करून लोकांना दाखवली होती. आणि इथे एवढं मोठं माणसाचं बोट तिला दाद देईना. जो काढावा तो फोटो धूसर.

इतक्या जवळून बघायचं तर केसभर हललं तरी भूकंप. तिने पंखा बंद केला. रस्त्यावरून ट्रक जात होते म्हणून खिडकी लावून घेतली. भाऊ स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता, त्यालाही दटावलं.

"चालू नकोस रे. फरशी हलते."

"श्वास घेतला तर चालेल का?" भाऊ म्हणाला आणि बिचारा ओट्याला टेकून उभा राहिला.

बाबांना हसू आलं. हसताना हात हलला आणि सगळं मुसळ केरात.

आता मात्र आईचा धीर सुटला. "अगं, तुझ्या त्या मेलेल्या किड्यांचं ठीक आहे. हा माणूस आहे. ठेव ते यंत्र आणि त्यांच्याजवळ येऊन बस."

"एकच नीट येऊ दे, आई. मग ठेवते." तिने भिंग पुन्हा बोटावर आणलं. "उद्या हे बोट मी कुठून आणू?"

बाबाच म्हणाले, "काढू दे तिला. माझ्यावर गेलीय. टाका मनासारखा पडेपर्यंत उठायची नाही."

बटण दाबतानाही धक्का बसत असेल, असं तिला वाटलं. मग तिने कॅमेरा त्याचा तोच फोटो काढत राहील असा लावला. बाबांनी डोळे मिटले. खोलीत फक्त कॅमेऱ्याची कटकट ऐकू येत होती. ती वाकून त्याच्या छोट्या पडद्याकडे बघत राहिली. धूसर. पुन्हा धूसर. पुन्हा तेच. तिला पलंगाचा राग आला, टॉवेलचा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा बाबांचाही आला.

आणि मग एकदम चित्र स्थिर झालं. एक फोटो, त्यामागून दुसरा, तिसरा, सगळे लख्ख. बोटाच्या टोकावरचा प्रत्येक खड्डा, सुईने उकललेली कातडी, एका जुन्या टोच्यात मुरलेला निळा रंग, काही म्हणता काही सुटलं नव्हतं.

"आला!" ती आनंदाने ओरडली. "बाबा, आला! बघा, आता कसे शहाण्यासारखे राहिलात!"

तिने मान वर केली. आई बाबांच्या तोंडाकडे बघत होती.

"गेले गं," आई म्हणाली.

डॉक्टर येऊन गेले. भाऊ बाहेर जाऊन एकेकाला फोन करू लागला. ती पलंगाजवळ जमिनीवर बसून राहिली. कॅमेरा मांडीवर होता. ते लख्ख फोटो तिला बघवेनात, म्हणून ती बटण दाबत मागे मागे गेली आणि धूसर फोटोंपाशी आली. फोटो भराभर सरकू लागले तसं पडद्यावरचं बोट किंचित वर आलं. खाली बसलं. पुन्हा वर आलं, पुन्हा खाली बसलं.

पंखा नाही, ट्रक नाही, भावाची पावलं नाहीत. हलत होती ती कातडीखालची नाडी. आयुष्यभर मेलेल्या किड्यांचे फोटो काढले, जिवंत बोट आतून हलतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काय बघतेस?" आईने विचारलं.

"बाबांची नाडी, आई. सगळ्या फोटोंत आहे. मी उगाच त्यांना ओरडत होते."

आई गुडघ्यावर हात टेकत खाली उतरली आणि तिला चिकटून बसली. चष्मा पुसून तिने पुन्हा घातला.

"दाखव."

तिने पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. बोट वर येत होतं, खाली बसत होतं. आई डोळ्याची पापणी न लववता बघत होती. धूसर फोटो संपत आले तसा आईने चटकन तिचा अंगठा धरला.

"पुढचा नको," आई म्हणाली. "परत मागे घे."