फोको जागेवर नाही

टॅब्लेटच्या पडद्यावर अक्षरं आली: फोको जागेवर नाही.

"इथंच तर बसलोय," फोको टॅब्लेटला म्हणाला.

तोवर यंत्रानं त्याची पोकरची पानं टाकूनही दिली होती. चांगल्या दोन राण्या. चहाच्या कपांना टेकवून ठेवलेल्या फोनमधून त्याचा मित्र हार्म हसला. "झोपला रे हा पुन्हा. ताल्के, नवऱ्याला जरा हलवून बघ. आहे ना अजून?"

ताल्के ओट्याशी पाठमोरी उभी होती. बुधवारी त्या दोघांना एमडेनला डॉक्टरांकडं जायचं होतं, फोकोच्या डोक्याच्या तपासणीला. मागं तो शेजारणीचं नाव विसरला. परवा सायकल बेकरीपाशी ठेवून चालतच घरी आला. आणि आता हे. गावातला पब बंद झाल्यापासून तिघं मित्र आज पहिल्यांदा पोकर खेळत होते, आपापल्या स्वयंपाकघरात बसून, पैशांऐवजी पडद्यावरच्या खोट्या चकत्या लावून. लेकीनं सकाळी सगळं जुळवून दिलं होतं, बटणं दाखवली होती. जन्मभर पोकर खेळलेल्या माणसाला एक बटण लक्षात राहू नये?

"खाली 'आलो' लिहिलंय बघ, ते दाब," फोनमधून उब्बो म्हणाला. तिघांत तो सबुरीचा. "चल, नवा डाव."

फोकोनं दाबलं. पानं आली. थोड्या वेळानं टकटक ऐकू आली तशी ताल्के हात पुसत दाराकडं गेली. बाहेर कुणीच नव्हतं. समोरच्या बांधावर मेंढ्या चरत होत्या, तेवढंच. ती परत आली तेव्हा पडद्यावर तीच अक्षरं होती.

फोकोनं फोनवर तळवा ठेवला. "ताल्के," तो हळूच म्हणाला, "मी आहे ना गं इथं?"

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. तिनं त्याच्या कपात खडीसाखर टाकली, वर चहा ओतला, कडेनं साय सोडली आणि शेजारची खुर्ची ओढली.

"खेळ तू. मी बसते."

तिला पोकरमधलं काही कळत नव्हतं. ती पडद्याकडं बघतच नव्हती, त्याच्याकडं बघत होती. हार्मची पाळी आली आणि तशीच गेली. 'हार्म जागेवर नाही' असं आलं. "माझं इंटरनेट भिकार आहे," हार्म ओरडला. उब्बो खेळला. मग फोकोच्या नावाभोवतीचं, पाळीचा उरलेला वेळ दाखवणारं हिरवं कडं आक्रसायला लागलं.

फोकोनं पानांवर नजर टाकली. पापणीही न हलवता बोटांची पेरं टेबलावर दोनदा आपटली आणि मागं रेलून बसला. कपातली खडीसाखर किणकिणली.

कडं आक्रसतच होतं.

"आता काय केलंस?" ताल्केनं विचारलं.

"चेक केलं."

"कधी?"

"हे काय, ठोकलं की." तो वैतागला. "पानं सोडायची नाहीत आणि लावायचंही काही नाही, तर ठोकायचं. पबमध्ये सगळेच ठोकायचे."

"फोको. यंत्राला कसं ऐकू जाणार ते?"

त्यानं आपल्या मुठीकडं पाहिलं. मग टॅब्लेटकडं. तिनं हात लांब करून, कडं मिटायच्या आत, डावीकडचं बटण दाबलं. डाव पुढं सरकला. मग मात्र तिला हसू आवरेना. ती टेबलाची कड धरून हसत राहिली, आणि फोको तिच्याकडं जरा रागानंच बघत राहिला.

"उब्बो, ऐकलंस का?" तिनं डोळे पुसले. "इतका वेळ हा माणूस टेबल ठोकत बसलाय. पाळी आली की लगेच. विचार करायलासुद्धा थांबत नाही. आणि डावीकडचं बटण आपलं तसंच!"

उब्बो खो खो हसला. आता हार्म काहीतरी लागेलसं बोलणार म्हणून फोकोनं मान खाली घातली.



"ताल्के," मग हार्मचा आवाज आला, एकदम जवळून, तोंड फोनला लावल्यासारखा. "ते बटण कुठल्या बाजूला म्हणालीस?"