आकडे वाढले

बायको गेली त्या दिवशी सुताराने तिच्याच फोनवरून, नोकरीधंद्याच्या ओळखी जमवायच्या साइटवर, तिच्या खात्यात लिहिलं, "माझी बायको आज पहाटे वारली. तुम्ही तिच्या ओळखीचे, म्हणून कळवतो."

ती डेटा अ‍ॅनालिस्ट. काम सुटल्यापासून तिथे रोज तक्ते टाकायची, अनोळखी साहेबांची विचारपूस करायची. कुणी ढुंकून बघायचं नाही.

"अगं, भिंतीशी बोलतेस का?" तो चिडवायचा.

"अहो, आकड्यांचं काम मिळवायचं तर आधी आपले आकडे वाढवावे लागतात," ती म्हणायची आणि पुन्हा फोनात डोकं घालायची.

आता मात्र हळहळणाऱ्यांची रीघ लागली. कधी साधं उत्तर न देणारेही "फार हुशार होती" असं लिहून गेले. बातमी हजारो लोकांनी पाहिली.

आठवड्याभरात तिच्या फोनवर निरोप आला. तिचे सगळे अर्ज नाकारणाऱ्या कंपनीचा.

"अभिनंदन! आमच्या विश्लेषणानुसार सध्या तुमच्या क्षेत्रात सर्वाधिक चर्चा तुमच्याच खात्याची आहे. मुलाखतीला कधी येऊ शकाल?"