बाभळीची खाट
थोरल्या फॅरोच्या राज्याच्या तेविसाव्या वर्षी, नाईलकाठच्या आमच्या गावात, माझा नवरा पेनदुआ याने दुसरी बाई घरात आणली आणि मी निघाले. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. आमच्याकडे बाई माहेरून आणलेलं सामान परत नेते. पेटी, तिवया, लाकडी उशा भावांनी नेल्या. राहिली वडिलांनी करून दिलेली बाभळीची खाट, आणि तिच्यावर अंगावरून वारं गेलेल्या सासूबाई. "आईला खाली चटईवर ठेव आणि ने तुझी खाट," पेनदुआ म्हणाला. "खाली विंचू फिरतात, मेल्या! आणि ही तुझी राणी माझी कूस बदलणार? तिचं काजळ पसरेल ना!" सासूबाई कडाडल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "सूनबाई, मला उतरवू नकोस गं." मी उतरवणार तरी कशी? त्यांना उचलून उचलून माझी पाठ गेली होती. भावांना म्हटलं, "आहे तशीच उचला." चौघांनी खाट खांद्यावर घेतली. गल्लीत शेजारणी जमल्या, तशा सासूबाई वरूनच ओरडल्या, "बघता काय? काडीमोड झालाय आमचा!" चार वर्षांनी त्या माझ्याकडेच वारल्या, मी त्यांना पुरलं. आमच्यात जो पुरतो त्यालाच मागे राहिलेलं मिळतं, म्हणून पंचांनी त्यांचं घर, पेनदुआ राहत होता तेच, मला दिलं. ती बाई पेनदुआला सोडून गेली. तो मेला तेव्हा मागे काहीच नव्हतं, त्यामुळे पुरायला कोणी पुढे आलं नाही. तेही शेवटी मीच केलं.