न्हाणीघरातला आवाज

"त्याला म्हणावं, चहा घे आणि वाटेला लाग." तव्यावरचे मनुकांचे केक उलटत मेन्ना म्हणाली.

रिअनने कपाळाला हात लावला. "आई, सख्खा भाऊ आहे तुझा. या वयात कॉव्हेंट्रीहून काठी टेकत आलाय. मीच बोलावलं त्याला."

"मग तूच कर त्याची सरबराई."

खाणीचं जुनं न्हाणीघर आज नवं होऊन उघडलं होतं. पोलादाचा कारखाना कधीच पाडला गेला, त्या जागी घरं आणि भलंमोठं दुकान आलं. कोळशाच्या ढिगाऱ्यांवर गवत उगवलं. न्हाणीघर तेवढं वाचलं. आता पुढच्या दालनात कॉफी आणि मागच्या दालनात जुन्या आठवणी. पाळी संपल्यावर कोळशाने काळीकुट्ट झालेली माणसं ज्या दारातून अंघोळीला शिरायची, तिथे बदामाच्या दुधाची पाटी लागली होती. ती बघून मेन्नाला हसू येत होतं आणि थोडं रडूही. पण हे सगळं रिअनच्या हाताखाली चालणार होतं, म्हणून ती घरचा तवा घेऊन हौसेने आली होती.

इद्वाल दिसला आणि हौस मावळली.

खाणकामगारांच्या मोठ्या संपाच्या वर्षी गावाचं सामुदायिक स्वयंपाकघर मेन्ना चालवायची. पोटात रिअन, हातात पळी. अर्ध्या गावाची पोरं तिच्या सूपवर जगली. त्याच हिवाळ्यात एका पहाटे, संप मोडून कामावर जाणाऱ्यांसाठीची, खिडक्यांना जाळ्या लावलेली बस खाणीच्या फाटकातून आत गेली. आत एकच माणूस होता. त्याने तोंड झाकून घेतलं होतं, पण कोटाच्या कोपरावरचं ठिगळ झाकायला विसरला होता. ते ठिगळ मेन्नाने स्वतःच्या हाताने लावलं होतं, भावाच्या कोटाला.

ती तशीच इद्वालच्या दारात गेली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "संपफोड्या!"

इद्वालने तिच्या फुगलेल्या पोटाकडे पाहिलं. बोलला मात्र काहीच नाही. थोड्याच दिवसांत तो गाव सोडून गेला.

एम्लिन, तिचा नवरा, तेव्हा रोज पलीकडच्या खोऱ्यातल्या खाणीवर, संप मोडणाऱ्यांना अडवायच्या पहाऱ्यावर म्हणून निघायचा. संध्याकाळी तिने त्याला भावाचा प्रताप सांगितला, तर तो गडी ढसाढसा रडला. त्यानंतर इद्वालचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही. गावातही नाही. दुकानात तिच्यासमोर तो विषय निघाला की माणसं चटकन गप्प व्हायची. लोक आपली लाज राखतात, असं मेन्नाला वाटायचं आणि तिचे डोळे भरून यायचे.

"कशी आहेस, मेनू?"

इद्वाल समोर उभा होता. केवढा वाळला होता.

"आहे जिवंत."

"एम्लिन गेल्याचं फार उशिरा कळलं गं."

"तुला कोण कळवणार?"

त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "सुखात ठेवलं ना त्याने तुला?"

"सोन्यासारखा माणूस होता." मेन्नाचा आवाज चढला. "खायची मारामार होती त्या वर्षी, तरी कुठून तरी पोरीसाठी बाबागाडी घेऊन आला. एका शब्दाने कधी दुखावलं नाही मला. आणि संप मिटल्यावर खाण बंद होईस्तोवर, कामावरून आला की शेकोटीपुढे बसायचा आणि मी त्याची पाठ चोळून द्यायची. न्हाणीघरातून तोंड धुऊन यायचा, पाठ राखून ठेवायचा माझ्यासाठी. 'तुझ्याच हातची हवी,' म्हणायचा. इतर बायका जळायच्या माझ्यावर!"

"पाठ तू धुवायचीस?"

"हो. का?"

इद्वालने नजर तव्याकडे वळवली. "काही नाही. प्रेम होतं ना, मग झालं."

त्याने हात पुढे केला. मेन्नाने आपले पिठाचे हात एप्रनला स्वच्छ पुसले आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

रिअन मामाचा कोट उचलून त्याला बसपर्यंत सोडायला गेली.

केक करपले. मेन्नाने तवा उतरवला आणि ती मागच्या दालनात आली. आयुष्यात पहिल्यांदाच. खाण चालू असताना इथे बायकांना मज्जाव होता. पांढऱ्या फरशांच्या मोऱ्या ओळीने उभ्या होत्या. एकेका मोरीत एकेक बटण होतं. दाबलं की जुन्या कामगाराचा आवाज बोलू लागे.

एका बटणावर ग्विलिमचं नाव होतं. तोंडाला खळ नव्हता, म्हणून गाव त्याला गमतीने 'मुका ग्विलिम' म्हणायचं. गेल्या थंडीत वारला बिचारा. मेन्नाने कौतुकाने बटण दाबलं. खिडकीतून दिसत होतं, इद्वालची बस उतारावर वळत होती.

"चालू झालं का यंत्र?" ग्विलिम खाकरला. "हां, तर इथे आपली पाठ आपल्याला धुता येत नसे. शेजारच्याची पाठ आपण चोळायची, आपली त्याने. भांडण असलं तरी पाठीला नाही म्हणायचं नाही, असा रिवाज. फक्त एका पाठीला आम्ही कधी हात लावला नाही. संप चालू असताना तो त्या बसमधून जाऊन खाणीत उतरला होता, मेव्हण्याचा कोट घालून. नाव नाही सांगणार. त्याच्या बायकोने आमची पोरं जगवली, म्हणून तिला कळू द्यायचं नाही अशी सगळ्यांनी शपथ घेतली होती. पण खाण बंद होईस्तोवर तो रोज काळी पाठ घेऊनच घरी गेला."